दादाभाईंचीं पार्लमेंटांतील तीन वर्षें

१

वर्सोव्याहून घाटकोपरास जाणारी मेट्रो २०१४ सालीं सुरू झाली. तिचें वर्सोव्यानंतरचें पहिलेंच स्थानक ‘डी. एन. नगर’ ह्या नांवाचें आहे. आमच्या कॉलेजांतील कितीतरी मुलें रोज त्या स्थानकावरून येतात. एके दिवशीं इतिहासाच्या तासाला मीं सहज विचारलें कीं, हीं दोन अक्षरें कोणाचीं? उत्तर कोणासच देतां आलें नाहीं. एखाद्या बिल्डराचें नांव असेल, असा एकानें तर्क केला. बाकीचीं मुलें हंसलीं. परंतु त्याहून बरा तर्क त्यांच्यापाशींहि नव्हता. हीं अक्षरें दादाभाई नवरोजींचीं आहेत, व दादाभाईंनीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें येथेंच वर्सोव्यास घालविलीं, असें मीं सांगितलें. ब्रिटिश पार्लमेंटांत निवडून गेलेला हाच तो थोर हिंदी मनुष्य, असेंहि मीं पुढें जोडलें. तेव्हां मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, “सर, पण तिथें तीन वर्षं बसून त्यांनी केलं काय?”

प्रश्न साधा होता, परंतु तास संपण्याच्या घंटेपर्यंत मला त्याचें समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. ‘पहिले हिंदी सभासद’ ही पदवी आपण दादाभाईंच्या नांवापुढें इतक्या वेळां लावतों कीं, सभासद होऊन मनुष्य नेमकें करतो काय, हें विचारण्याचें आपणांस सुचतच नाहीं. तें राहिलेलें उत्तर देण्याचा ह्या लेखांत प्रयत्न केला आहे. त्याच्या ओघानें ब्रिटिश पार्लमेंटचें यंत्र कसें चालतें हेंहि पाहतां येईल; कारण यंत्राची खरी ओळख त्याच्या नकाशावरून होत नाहीं, त्यांत एखादा परका माणूस हात घालून कांहीं हलवूं पाहतो तेव्हां होते.

२

प्रथम त्या पदवीसंबंधीं एक दुरुस्ती. हिंदी रक्ताचा मनुष्य कॉमन्स सभेंत सर्वांआधीं बसला तो १८४१ सालीं. सरधन्याच्या बेगम समरूचा वारस डाइस सोंब्र हा सडबरीहून निवडून आला होता. परंतु लांचलुचपतीच्या कारणावरून ती निवडणूक पुढच्याच वर्षीं रद्द झाली. त्याचें हिंदुस्थानाशीं असलेलें नातें मिळकतीपुरतें होतें. हिंदुस्थानची बाजू मांडावी ह्या उघड हेतूनें उभा राहिलेला आणि निवडून आलेला पहिला गृहस्थ म्हणजे दादाभाईच.

दादाभाई १८५५ सालीं कामा आणि कंपनीचे भागीदार म्हणून विलायतेस गेले, तत्पूर्वीं ते एल्फिन्स्टन संस्थेंत गणिताचे प्राध्यापक होते. पुढें १८६६ सालीं त्यांनीं लंडनांत ईस्ट इंडिया असोसिएशन काढली, १८७३-७४ मध्यें बडोद्यास मल्हारराव गायकवाडांची दिवाणगिरी केली, आणि १८८६ च्या काँग्रेसचें अध्यक्षपद भूषविलें. हिंदुस्थानची संपत्ति दर वर्षीं इंग्लंडांत ओढली जाते, हा सिद्धांत ते आंकड्यांनिशीं मांडीत होते. वीस वर्षें व्याख्यानें देऊन व निबंध छापून त्यांची अशी खात्री झाली होती कीं, बाहेरून ओरडून भागत नाहीं. सत्तेच्या त्या दालनांतच शिरलें पाहिजे.

पण शिरावें कसें? हिंदुस्थानला पार्लमेंटांत एकहि जागा नव्हती. तीस कोटींच्या जवळपास प्रजेचा कारभार ज्या सभेपुढें जबाबदार, त्या सभेंत ती प्रजा आपला माणूस पाठवूं शकत नव्हती. म्हणून एखाद्या इंग्रजी मतदारसंघाचीच कृपा संपादणें भाग होतें. १८८६ सालीं दादाभाई लिबरल पक्षातर्फे लंडनमधील हॉबर्न येथें उभे राहिले. प्रतिस्पर्धी कर्नल डंकन ह्यांस ३,६५१ मतें पडलीं, दादाभाईंस १,९५० पडलीं.

ह्या पराभवाचें वर्तमान एव्हांना विसरलें गेलें असतें. परंतु १८८८ च्या नोव्हेंबरांत मुख्य प्रधान लॉर्ड सॉल्सबरी ह्यांनीं एडिंबरो येथील भाषणांत त्याचा उल्लेख करून, इंग्रजी मतदार एका काळ्या मनुष्यास निवडण्याइतके पुढें गेले आहेत कीं काय ह्याबद्दल शंका प्रदर्शित केली. दादाभाईंचा वर्ण अनेक इंग्रजांच्या तोडीचा असल्यानें ही टीका विनोदी ठरली, आणि अपमानाची असल्यानें ती सर्व देशभर गाजली. जें नांव हॉबर्नपलीकडे कोणास ठाऊक नव्हतें, तें मुख्य प्रधानांनीं घरोघर पोंचविलें.

पुढील निवडणूक १८९२ च्या जुलैमध्यें झाली. ह्या वेळीं मतदारसंघ होता मध्य फिन्सबरी. क्लार्कनवेलच्या गल्ल्यांत घड्याळें करणारे व दुसरे कारागीर राहात. हेच दादाभाईंचे मतदार. त्यांस हिंदुस्थानच्या तिजोरीची चिंता असण्याचें कारण नव्हतें. त्यांची उमेदवारी पक्की होण्यासच दोन-तीन वर्षें लागलीं, कारण त्यांच्या स्वतःच्या पक्षांतच त्यांच्याविरुद्ध दुसरे इच्छुक उभे ठाकले होते. आयर्लंडचें स्वराज्य व लंडनचा म्युनिसिपल कारभार ह्या प्रश्नांवर दादाभाईंनीं दारोदार बोलून मतें जमविलीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंसारख्या व्यक्तींनीं त्यांचा पुरस्कार केला. मतमोजणीचा खर्चसुद्धां त्या काळीं उमेदवारांवर पडत असे, आणि निवडून आल्यावर पगार मुळींच नसे. सभासदांस वर्षाला ४०० पौंड मिळूं लागले ते १९११ पासून. म्हणजे पार्लमेंट हें पदरचें खाऊन करण्याचें काम होतें.

मोजणीअखेर दादाभाईंस २,९६१ मतें व कॅप्टन पेंटन ह्यांस २,९५६ मतें निघालीं. अवघ्या पांच मतांचें हें अधिक्य! नवरोजी हें नांव इंग्रजी जिभेला जड पडे. थट्टेखोरांनीं त्याचें ‘नॅरो मेजॉरिटी’, अर्थात् निसटतें बहुमत, असें रूपांतर करून टाकलें. पेंटन ह्यांनीं फेरतपासणीसाठीं अर्ज केला, तो नंतर मागें घेतला. पांच मतांचा सभासद हा पांच हजार मतांच्या सभासदाइतकाच पूर्ण सभासद असतो, हा त्या पद्धतीचा पहिला नियम. परंतु पुढील निवडणुकीची धास्ती त्याच्या मानेवर पहिल्या दिवसापासून बसलेली असते, हा दुसरा. दादाभाईंस हिंदुस्थानचें काम करण्यासाठीं आधीं फिन्सबरीचें काम करावें लागे.

३

नव्या सभासदास प्रथम शपथ घ्यावी लागते. ह्या एका विधीमध्यें इंग्लंडचा बराच इतिहास सांठविलेला आहे. लायोनेल रॉथ्सचाइल्ड हा ज्यू गृहस्थ १८४७ सालीं निवडून आला. परंतु ख्रिस्ती शपथ घेण्यास त्यानें नकार दिल्यामुळें १८५८ पर्यंत त्यास आपल्या जागेवर बसतां आलें नाहीं. निरीश्वरवादी चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० सालीं निवडून आला. त्यास सुमारें सहा वर्षें दाराबाहेर झगडावें लागलें, आणि त्यानेंच १८८८ सालीं शपथेचा कायदा सुधारून घेतला. हा ब्रॅडलॉ हिंदुस्थानचा मोठा कैवारी. १८८९ सालीं मुंबईच्या काँग्रेसला तो मुद्दाम आला होता. तो १८९१ सालीं वारला. पुढच्याच वर्षीं दादाभाईंनीं अवेस्ता हातीं घेऊन शपथ घेतली, आणि त्यांस कोणी अडविलें नाहीं. दुसऱ्यांनीं वर्षानुवर्षें धक्के मारून उघडलेल्या दारांतून ते आंत गेले.

आंत गेल्यावर काय दिसलें? सभासद ६७०, पण बांकें सर्वांस पुरतील इतकीं नाहींत. हा प्रकार निष्काळजीपणाचा नव्हे. १९४१ च्या मे महिन्यांत जर्मन बाँबांनीं तें सभागृह जळालें, व १९५० सालीं तें पुन्हां बांधून झालें तेव्हां मुद्दामच तितकेंच लहान ठेवण्यांत आलें. दोन पक्ष समोरासमोर बसतात, मध्यें थोडें अंतर; व्याख्यानबाजीपेक्षां संभाषणाला ती जागा सोयीची. महत्त्वाच्या रात्रीं दाटी होऊन सभासद उभे राहतात, आणि एरवीं चाळीस माणसें असलीं कीं सभेचें काम कायदेशीर ठरतें. मतें घेण्याची वेळ आली कीं घंटा वाजतात, सभासद उठून दोन बाजूंच्या दोन दालनांतून जातात, आणि दारांत उभे असलेले गणक त्यांस मोजतात. भोजनगृहांतून धांवत आलेल्या सभासदाला वादाचें एक अक्षरहि ऐकलेलें नसलें तरी चालतें. कोणत्या दालनांत शिरावें हें पक्षाचा प्रतोद त्याला सांगतो.

दादाभाईंचें पहिलें भाषण ९ ऑगस्ट १८९२ रोजीं झालें. त्यानंतर दोनच दिवसांनीं, ३५० विरुद्ध ३१० मतांनीं, सॉल्सबरी ह्यांचें मंत्रिमंडळ पडलें आणि वृद्ध ग्लॅडस्टन चौथ्यांदा मुख्य प्रधान झाले. त्या ३५० मतांत ज्यांची एडिंबरोस थट्टा झाली होती त्यांचेंहि मत सामील होतें. न्याय इतका सुबक रीतीनें क्वचितच होतो. पण सभासदाचें खरें काम अशा रोमहर्षक क्षणीं नसतें, तें रोजच्या बिगारींत असतें. लेखी प्रश्न विचारावे, उत्तर आलें कीं त्यावर उपप्रश्न करावा, माहितीचे कागद सभेपुढें मांडण्याची मागणी करावी, आणि चिठ्ठ्यांमध्यें आपलें नांव निघालें तर एखादा ठराव आणावा. बिनसरकारी सभासदाच्या हातीं हींच हत्यारें. दादाभाईंनीं तीं चिकाटीनें चालविलीं. १८९३ सालीं बँफशायरहून सर विल्यम वेडरबर्न निवडून आले. मुंबई इलाख्यांत नोकरी करून पुरंदर तालुक्यांत शेतकऱ्यांसाठीं पेढी काढण्याची खटपट करणारे हेच ते वेडरबर्न. त्यांनीं, केन ह्यांनीं व दादाभाईंनीं मिळून हिंदुस्थानच्या प्रश्नांत लक्ष घालणाऱ्या सभासदांची एक कमिटी त्याच वर्षीं स्थापिली.

येथें एका बारीक कलमाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. कारण सारी गोम त्यांत आहे. पार्लमेंटची सत्ता वाढली ती पैशाच्या किल्लीमुळें. आधीं आमची तक्रार ऐका, मग आमच्याकडे पैसा मागा, हा तेथील जुना दंडक. एखाद्या खात्याचा कारभार आवडला नाहीं, तर सभासद त्या खात्याच्या मंत्र्याच्या पगारांत कपात सुचवितो. कपात होत नाहीं. पण त्या निमित्तानें मंत्र्यास सभेपुढें उभें राहून जाब द्यावा लागतो. वसाहतींच्या मंत्र्याचा पगार ब्रिटिश तिजोरींतून निघे, म्हणून त्याला हें भय होतें. हिंदुस्थानच्या मंत्र्याचा पगार मात्र हिंदुस्थानच्या वसुलांतून निघे! इंग्रज करदात्याचा एक पैहि त्यांत गुंतलेला नसल्यानें सभेला तो मंजूर करण्याचें कारण नव्हतें, आणि म्हणून त्यावर कपातीची सूचनाहि आणतां येत नव्हती. ज्यानें पगार द्यावा त्याला मत नाहीं, व ज्याला मत आहे त्याच्या खिशास चाट नाहीं, अशी ही योजना होती. हिंदुस्थानचें अंदाजपत्रक अधिवेशनाच्या अगदीं शेवटीं, सभासद सुटीवर जाऊं लागले कीं, रिकाम्या बांकांपुढें वाचलें जाई. त्यांत इंग्रज सभासदांचा दुष्टपणा शोधण्याचें कारण नाहीं. ज्याच्यावर आपला पैसा व आपलें मत अवलंबून नाहीं, त्याकडे मनुष्य दुर्लक्षच करतो. १९१९ च्या कायद्यानें हा पगार ब्रिटिश तिजोरीवर टाकला. पण तोंवर दादाभाई हयात नव्हते.

४

आतां दादाभाईंच्या तीन वर्षांतील मुख्य प्रसंगाकडे येऊं. तो प्रसंग २ जून १८९३, शुक्रवार, ह्या दिवशींचा.

हिंदुस्थानच्या सिव्हिल सर्व्हिसची चढाओढीची परीक्षा १८५५ पासून सुरू झाली. कायद्यानें ती हिंदी लोकांसहि खुली होती. परंतु ती होत असे लंडनांत. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ सालीं तींत उतरले. १८६९ सालीं चौघे हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. त्यांत सुरेंद्रनाथ बानर्जी, रमेशचंद्र दत्त व बिहारीलाल गुप्त ह्या बंगाल्यांबरोबर श्रीपाद बाबाजी ठाकूर हे आपले महाराष्ट्रीय होते. परंतु अशीं नांवें बोटांवर मोजण्याइतकींच. मिशनऱ्यांकडील चहावरून ज्या पुण्यांत १८९० च्या सुमारास प्रायश्चित्ताचें वादळ उठलें, त्या पुण्यांतील बापानें कर्ज काढून, जातीचा रोष पत्करून, मुलाला समुद्रापार पाठवावें. आणि तो तेथें नापास झाला तर? कर्जहि गेलें आणि जातहि गेली. त्यांतच १८७० नंतरच्या दशकांत परीक्षेची वयोमर्यादा १९ वर्षांवर आणण्यांत आली, ती पुढें २३ पर्यंत वाढविण्यास १८९२ साल उजाडावें लागलें. मॅट्रिक होऊन दोन वर्षें होतात न होतात तों मुलानें परक्या भाषेंत, परक्या देशांत, तेथील निवडक मुलांशीं टक्कर द्यावी, असा हा खुला दरवाजा होता.

उपाय साधा होता. तीच प्रश्नपत्रिका, त्याच दिवशीं, इंग्लंडांत व हिंदुस्थानांत द्यावी, आणि दोन्हीकडील उमेदवारांची गुणानुक्रमें एकच यादी लावावी. १८६० सालीं खुद्द इंडिया कौन्सिलच्या पांच सभासदांच्या कमिटीनें ही सूचना न्याय्य म्हणून पसंत केली होती, पण तो अहवाल दप्तरांत पडून राहिला. १८६८ सालीं फॉसेट ह्यांनीं कॉमन्समध्यें हा विषय काढला होता. त्यानंतर पंचवीस वर्षांनीं तो पुन्हां सभेपुढें आला.

ठराव मांडला दक्षिण एडिंबरोचे लिबरल सभासद हर्बर्ट पॉल ह्यांनीं. अनुमोदन दिलें दादाभाईंनीं. शुक्रवारीं त्या काळीं बिनसरकारी सभासदांच्या ठरावांस वाव मिळत असे. सत्ता लिबरल पक्षाचीच होती; तरी पक्षाचे हिंदुस्थानचे दुय्यम मंत्री जॉर्ज रसेल ह्यांनीं सरकारतर्फे ठरावास विरोध केला. स्वपक्षाचा सभासद ठराव आणतो, स्वपक्षाचा मंत्री त्याला विरोध करतो, आणि सभा दोघांचेंहि ऐकून निर्णय देते! घंटा वाजल्या, सभासद दोन दालनांतून गेले, व गणकांनीं आंकडे सांगितले: अनुकूल ८४, प्रतिकूल ७६. ठराव मंजूर झाला. जगांतील सर्वांत बलाढ्य सरकारचा, हिंदुस्थानच्या प्रश्नावर, त्याच्या स्वतःच्या सभागृहांत पराभव झाला.

मुंबईंत, पुण्यांत, कलकत्त्यांत ह्या वार्तेनें किती आनंद झाला असेल ह्याची कल्पना करणें अवघड नाहीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दादाभाई लाहोरच्या काँग्रेसचें अध्यक्षपद घेण्यासाठीं मुंबईस उतरले, तेव्हां लोकांनीं त्यांचें राजासारखें स्वागत केलें. परीक्षा आतां येथें होणार असेंच सर्वांस वाटत होतें.

ती झाली नाहीं. का झाली नाहीं, हेंच ब्रिटिश पार्लमेंटच्या अभ्यासकानें पाहण्यासारखें आहे.

एक तर ठराव आणि कायदा ह्यांत फरक आहे. कायदा म्हणजे आज्ञा. ठराव म्हणजे मत. कायद्याचीं तीन वाचनें होतात, तो लॉर्डांच्या सभेंतून जातो, त्यावर राजाची संमति होते, आणि मग तो न्यायालयांसहि बंधनकारक होतो. ठरावास ह्यांपैकीं कांहींच लागत नाहीं, आणि म्हणूनच त्याच्या मागें कांहींच उभें राहात नाहीं. तो पाळावयाचा कीं नाहीं हें मंत्रिमंडळ ठरवितें. न पाळला तर सभेच्या हातीं एकच उपाय उरतो, तो म्हणजे मंत्रिमंडळावर अविश्वास दाखवून तें पाडणें. हिंदुस्थानच्या परीक्षेसाठीं ग्लॅडस्टनचें मंत्रिमंडळ पाडावयास कोण तयार होणार? दादाभाई स्वतः तरी होते काय? तें मंत्रिमंडळ आयरिश सभासदांच्या आधारावर उभें होतें, त्याच्यापुढें आयर्लंडच्या स्वराज्याचें बिल होतें, आणि दादाभाई त्या बिलाचे मनापासून पुरस्कर्ते होते. तेंहि बिल कॉमन्समध्यें पास होऊन सप्टेंबरांत लॉर्डांच्या सभेनें ४१९ विरुद्ध ४१ मतांनीं फेंकून दिलें. आयर्लंडचे ऐशीं सभासद असतां जें झालें नाहीं, तें एका सभासदाच्या हिंदुस्थानाला कोठून मिळणार?

दुसरें असें कीं, ८४ आणि ७६ मिळून १६० होतात. ६७० च्या सभेंत पाव सभासदहि त्या दिवशीं हजर नव्हते. गैरहजर असलेले पांचशें लोक आपल्याच बाजूचे होते असें म्हणावयास सरकार मोकळेंच होतें.

तिसरें कारण सर्वांत मोठें. सरकारनें ठराव नाकारला नाहीं. तो हिंदुस्थान सरकारकडे अभिप्रायार्थ पाठविला. ज्या नोकरशाहीच्या जागांवर हिंदी मुलें येणार होतीं, त्याच नोकरशाहीस विचारण्यांत आलें कीं, हीं मुलें यावींत काय? मद्रास सरकारखेरीज सर्व प्रांतिक सरकारांनीं प्रतिकूल उत्तर दिलें, आणि त्या उत्तरांच्या आधारें १८९४ सालीं विलायत सरकारनें ठराव अमलांत आणण्याचें नाकारलें. सभेंत हरलेली बाजू दप्तरांत जिंकली. ह्यांत कोणतीहि बेकायदा गोष्ट घडली नाहीं. लोकसभेचा ठराव एका दिवसाचा असतो, दप्तर रोजचें असतें.

सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा हिंदुस्थानांत प्रथम झाली ती १९२२ सालीं, अलाहाबादेस. ठरावास तोंवर एकोणतीस वर्षें लोटलीं होतीं, आणि दादाभाईंच्या मृत्यूस पांच. मधल्या काळांत १९१८ सालीं चिंतामणराव देशमुख हे महाराष्ट्रीय तरुण त्या परीक्षेंत पहिले आले. पण त्यांसहि ती लंडनांतच द्यावी लागली होती.

५

१८९५ च्या निवडणुकींत दादाभाई पडले. गंमत अशी कीं, त्याच निवडणुकींत मुंबईचेच दुसरे पारशी गृहस्थ मंचरजी भावनगरी बेथनल ग्रीनमधून काँझर्व्हेटिव्ह पक्षातर्फे निवडून आले व १९०६ पर्यंत राहिले. हिंदी माणसास इंग्रज मतें देतील काय, ह्या सॉल्सबरींच्या शंकेस त्यांच्याच पक्षानें असें उत्तर दिलें. भावनगरी ह्यांची राजकीय मतें दादाभाईंच्या विरुद्ध टोंकाचीं होतीं. ह्यावरून, सभासद आपल्या जातीचा वा देशाचा असला म्हणजे तो आपलें म्हणणें मांडीलच असें नाहीं, हा धडा घेतां येण्यासारखा आहे.

दादाभाईंच्या प्रयत्नांचें एक दृश्य फळ मात्र हातीं आलें. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठीं १८९५ सालीं लॉर्ड वेल्बी ह्यांच्या अध्यक्षतेखालीं रॉयल कमिशन नेमलें गेलें, व दादाभाई त्याचे सभासद झाले. १८९७ सालीं ह्या कमिशनपुढें साक्ष देण्यास वाच्छा, सुरेंद्रनाथ, सुब्रह्मण्य अय्यर आणि फर्ग्युसन कॉलेजचे तरुण प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले हे गेले. गोखल्यांची साक्ष उत्तम झाली; पण त्याच मुक्कामांत त्यांस पार्लमेंटच्या एका वेगळ्या अंगाचा कटु अनुभव आला. पुण्यांतील प्लेगच्या बंदोबस्तांत सोल्जरांनीं अत्याचार केल्याचीं पत्रें त्यांस मित्रांकडून आलीं. त्यांनीं तें कांहीं सभासदांपुढें सांगितलें, आणि ‘मँचेस्टर गार्डियन’लाहि मुलाखत दिली. मुंबई सरकारनें इन्कार केला. पत्रें लिहिणारे पुढें येईनात. परत आल्यावर गोखल्यांस जाहीर माफी मागावी लागली. सभागृहांत उभा राहून बोलणाऱ्या सभासदाच्या शब्दाबद्दल त्यास बाहेर कोणी जाब विचारूं शकत नाहीं. १६८९ पासून तें इंग्लंडांत कायद्यानें निश्चित झालेलें आहे. त्याच इमारतीच्या एका खोलींत बोलणाऱ्या पाहुण्यास तें कवच नसतें. सभासद असणें आणि सभासदांच्या दारीं जाणें ह्यांतील अंतर गोखल्यांच्या इतकें कोणास कळलें नसेल.

पुढें गोखले कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलांत गेले. तेथें विलायतेसारखीं बिलें होतीं, वाचनें होतीं, मतेंहि घेत; परंतु सरकारी सभासदांचें बहुमत आधींच ठरलेलें असे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें त्यांचें बिल १९ मार्च १९१२ रोजीं ३८ विरुद्ध १३ मतांनीं पडलें. दादाभाईंचा ठराव जिंकून फुकट गेला. गोखल्यांचें बिल हरून फुकट गेलें. दोन्हींचें मूळ एकच. जें सरकार मतदारांनीं निवडलेलें नाहीं व जें मतदारांस काढतां येत नाहीं, त्याच्यापुढें उत्तम युक्तिवादहि अर्जच राहतो. ही गोष्ट दादाभाईंनीं ओळखली होती. १९०६ सालीं कलकत्त्याच्या काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून ८१ वर्षांच्या त्या वृद्धानें ‘स्वराज्य’ हें ध्येय सांगितलें, तें पार्लमेंटचा अनुभव गांठीं बांधूनच सांगितलें.

६

मग त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर काय? तीन वर्षें बसून दादाभाईंनीं केलें काय?

जहाल पक्षाच्या तरुणांनीं त्या काळींच उत्तर दिलें होतें कीं, अर्ज केले. त्यांत तथ्यांश आहे. एकहि कायदा दादाभाईंच्या नांवावर नाहीं. त्यांचा एकमेव विजय कागदावर राहिला. परंतु मला असें वाटतें कीं, तो विजय कागदावर राहिला म्हणूनच उपयोगी पडला. जोंवर कॉमन्स सभेपुढें प्रश्न गेलाच नव्हता, तोंवर इंग्रज लोकांस आपलें गाऱ्हाणें कळलें कीं ते न्याय देतील, अशी आशा बाळगण्यास जागा होती. २ जून १८९३ रोजीं त्यांस तें कळलें, त्यांनीं न्यायहि दिला, आणि तरीहि कांहीं घडलें नाहीं. दोष लोकांच्या अज्ञानांत नसून सत्तेच्या रचनेंत आहे, हें ह्यापरतें स्पष्ट कशानें सिद्ध झालें असतें?

दुसरेंहि एक आहे. पार्लमेंटचा हा व्यवहार आपण केवळ परक्यांचा म्हणून वाचूं शकत नाहीं, कारण तो आपण पुढें स्वतःच स्वीकारला. मावळंगच्या मूळ घराण्यांतील गणेश वासुदेव मावळंकर १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळाचे आणि १९५२ सालीं लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. प्रश्नांचा तास, तीन वाचनें, कपातीची सूचना, हें सर्व आपल्या लोकसभेंत आहे. बिनसरकारी सभासदांचें काम आजहि शुक्रवारींच चालतें. मंत्र्याचा पगार आपल्याच तिजोरींतून जातो व मत आपलेंच असतें. म्हणजे दादाभाईंस जें मिळालें नव्हतें तें सर्व आपणांस मिळालें आहे.

असें असतां एका गोष्टीचा विचार करावासा वाटतो. हर्बर्ट पॉल ह्यांनीं आपल्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध ठराव आणला आणि तो जिंकला. त्यामुळें सरकार पडलें नाहीं, आणि पॉल ह्यांची जागाहि गेली नाहीं. आपल्याकडे १९८५ च्या घटनादुरुस्तीनें पक्षांतरबंदीचा कायदा आला. पक्षाच्या आदेशाविरुद्ध सभासदानें मत दिलें, किंवा मतदानास तो गैरहजर राहिला, आणि पक्षानें पंधरा दिवसांत क्षमा केली नाहीं, तर त्याचें सभासदत्व जाऊं शकतें. हा कायदा होण्यास सबळ कारण होतें. रातोरात पक्ष बदलून सरकारें पाडण्याचा बाजार सर्वांनीं पाहिला होता, आणि तो बाजार पुरता बंद झाला असें आजहि म्हणवत नाहीं. पण औषधाबरोबर कांहीं अपथ्यहि पोटांत गेलें. १९५२ पासून बिनसरकारी सभासदांचीं अवघीं चौदा बिलें कायदा होऊं शकलीं, आणि त्यांतील शेवटचें १९७० मधील आहे. त्यास पक्षांतरबंदी कारण नव्हे, कारण ती नंतरची. परंतु एकट्या सभासदाचा आवाज आधींच किती क्षीण झाला होता, हें त्यावरून दिसतें. दादाभाईंचा ठराव दप्तरानें गिळला. असे ठराव आज दप्तरापर्यंत तरी पोंचतात काय? स्वराज्यांत हा प्रश्न विचारावयाचा तो इंग्रजांस नव्हे, आपण निवडून दिलेल्या माणसास विचारावयाचा आहे. आणि त्यास तो विचारण्यासाठीं आपणांस सहा हजार मैल जावें लागत नाहीं.

दादाभाई १९०७ सालीं विलायत कायमची सोडून परत आले व वर्सोव्यास समुद्रकांठीं राहिले. वर्सोवें तेव्हां ठाणें जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यांतील कोळ्यांचें गांव होतें. मुंबई उपनगर जिल्हा १९२० सालीं निर्माण झाला. ३० जून १९१७ रोजीं, ९१ वर्षें पुरीं करून, ते निवर्तले. लंडनांत त्यांच्या जुन्या मतदारसंघांत एका रस्त्यास त्यांचें नांव आहे. तेथें निदान आडनांव तरी पुरें लिहिलेलें आहे. आमच्या अंधेरीस त्याचीं दोन अक्षरें उरलीं आहेत. पुढच्या आठवड्यांत त्याच वर्गावर माझा तास आहे. त्या मुलीस हें सर्व सांगावयाचें योजिलें आहे, आणि तिच्या मतदारसंघाचा सभासद लोकसभेंत गेल्या वर्षीं कोणते प्रश्न विचारून आला, तें शोधून आणण्याचें काम तिच्याकडे सोंपवावयाचें आहे.